सुईसारखा थर आणि त्याला ढकलणारं विद्युत् क्षेत्र

गेल्या अंकात आयनांबरावरच्या (वातावरणाच्या वरच्या, आयन आणि सुटे इलेक्ट्रॉन असलेल्या भागावरच्या) लेखासोबत एक आलेख छापला होता. उभ्या अक्षावर उंची, आडव्या अक्षावर इलेक्ट्रॉनांची घनता. ९० किलोमीटरपासून वर जाताना रेषा सावकाश फुगते, १०५ किलोमीटरला एकदम एक बारीक टोक बाहेर काढते आणि पुन्हा जागेवर येते. त्या टोकाबद्दल लेखात जेमतेम एक ओळ होती आणि बहुतेक पत्रं आली ती त्या एका ओळीवरच. रडारच्या अशा नोंदी वाचण्यातच माझी नोकरी गेली, म्हणून संपादकांनी गठ्ठा माझ्याकडे वळवला. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. काहींना लांब उत्तरं लागतात, त्याला इलाज नाही.

प्रश्न : ते टोक खरं आहे की यंत्रातला दोष? वायू तर पसरतो. मग शंभर किलोमीटरवर, जवळजवळ निर्वात जागेत, एक-दोन किलोमीटर जाडीचा थर तासन्‌तास टिकतो कसा? – अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी

उत्तर : टोक खरं आहे. पण आधी यंत्रावर संशय घेतलास ते बरं केलंस. पारखायची रीत सोपी असते. त्या उंचीवर उल्का जळाली तर तिचा प्रतिध्वनी बहुधा सेकंदाच्या आत येऊन जातो. उपग्रह रडारच्या किरणात शिरला तरी काही सेकंदांत बाहेर पडतो. थर मात्र पुढच्या नोंदीत असतो, त्याच्या पुढच्याही नोंदीत असतो, आणि तासाला किलोमीटर-दोन किलोमीटर खाली उतरत असतो. रात्रभराच्या नोंदी शेजारी शेजारी लावल्या की टोकांची एक तिरकी रेघ तयार होते. यंत्राचा दोष अशी शिस्त पाळत नाही.

आता टिकण्याचं. त्या उंचीवर नेहमी सापडणारे आयन म्हणजे नायट्रिक ऑक्साइड आणि ऑक्सिजनचे रेणू. त्यांना इलेक्ट्रॉन भेटला की रेणूचे दोन तुकडे होतात, सुटलेली ऊर्जा तुकडे वाटून घेतात आणि व्यवहार संपतो. दिवसा अशा आयनाचं आयुष्य अर्ध्या-एक मिनिटाचं. असल्या अल्पायुषी आयनांना कुणी ढकलत एका जागी आणलं तरी पोचेपर्यंत ते उरतच नाहीत.

थरातले आयन वेगळे आहेत. ते लोखंडाचे आणि मॅग्नेशियमचे असतात. रॉकेटवरून नेलेल्या उपकरणांनी हे १९६०च्या दशकातच दाखवलं. तिथे लोखंड आणतात उल्का. सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगाने शिरणारे धुळीएवढे कण साधारण ८० ते १२० किलोमीटरच्या दरम्यान जळतात आणि त्यांच्यातले धातूचे अणू मागे राहतात. नायट्रिक ऑक्साइडचा आयन अशा अणूला भेटला की त्याचा इलेक्ट्रॉन काढून घेतो. आता धातूचा अणू भारित झाला. हा एकटा अणू आहे, त्याचे तुकडे होत नाहीत. इलेक्ट्रॉन पुन्हा पकडायचा तर जादा ऊर्जा प्रकाश म्हणून टाकावी लागते, आणि ही क्रिया रेणूंच्या तुलनेत सुमारे लाखपट मंद आहे. त्यामुळे या आयनांना कुठेही जायला भरपूर वेळ मिळतो.

राहिलं पसरणं. १०५ किलोमीटरवरची हवा आपल्या मानाने फारच विरळ, पण आयनाला पावलोपावली धडकण्याइतकी ती आहे. साधा हिशेब केला तर थराला आपणहून किलोमीटरभर पसरायला काही तास लागतात. तेवढ्यात त्याला पुन्हा आवळणारं कुणी असेल तर तो टिकणारच.

प्रश्न : आवळणारा वारा आहे असं लेखात म्हटलं होतं. पण वारा आडवा वाहतो. तो आयनांना वर-खाली कसा ढकलतो, आणि ढकललं तरी ते एकाच उंचीवर का जमतात? – भौतिकशास्त्राच्या शिक्षिका

उत्तर : बाई, फळ्यावर मांडायला सोपं जावं म्हणून आकडे देतो. चुंबकीय क्षेत्रात भारित कण गिरक्या घेतो. तिथलं पृथ्वीचं क्षेत्र मध्यम आणि उच्च अक्षांशांवर साधारण ५०,००० नॅनोटेस्ला धरा. त्यात नायट्रिक ऑक्साइडचा आयन सेकंदाला पंचवीसेक गिरक्या घेईल, लोखंडाचा तेराएक. पण १०० किलोमीटर उंचीवर हवेच्या रेणूंशी टकरा होतात सेकंदाला हजारोंनी. एक गिरकी पुरी व्हायच्या आत शंभरावर धक्के बसले की गिरकी कसली घेणार? आयन निमूट वाऱ्याबरोबर जातो. उलट १५० किलोमीटरवर टकरा इतक्या थोड्या की तो वाऱ्याला फारसं जुमानत नाही. साधारण सव्वाशे किलोमीटरच्या आसपास दोघांची बरोबरी होते. पातळ थरांचा सगळा मामला ९५ ते १३० किलोमीटरच्या या पट्टीत चालतो, कारण इथे आयनावर दोघांचीही सत्ता चालते. तो वाऱ्याबरोबर निघतो आणि चुंबकीय क्षेत्र त्याला थोडा वळवतं.

वळवतं ते असं. क्षेत्राचा आडवा घटक उत्तरेकडे असतो. पूर्वेकडे वाहणाऱ्या वाऱ्यातला धन आयन त्यामुळे वर उचलला जातो, पश्चिमेकडे वाहणाऱ्या वाऱ्यातला खाली दाबला जातो. आता समजा ११० किलोमीटरवर वारा पश्चिमेकडे आहे आणि १०० किलोमीटरवर पूर्वेकडे. त्या उंचीवर सेकंदाला शंभर मीटरचे वारे आणि काही किलोमीटरांत त्यांचं तोंड फिरणं ही नित्याची गोष्ट आहे. वरचे आयन खाली येतात, खालचे वर जातात, आणि जिथे वारा दिशा बदलताना शून्य होतो तिथे सगळे अडकतात. उभा वेग सेकंदाला काही मीटरच. पण धातूच्या आयनांना घाई कुठे आहे? व्हाइटहेड या शास्त्रज्ञाने १९६१ साली ही मांडणी केली आणि मध्यम अक्षांशांपुरती ती आजही उभी आहे.

एक अट मात्र आहे आणि पुस्तकांत ती बऱ्याचदा गाळलेली असते. आयन उतरले की त्यांच्याबरोबर इलेक्ट्रॉनही उतरले पाहिजेत, नाहीतर भार वेगळे होऊन सगळं तिथेच थांबेल. इलेक्ट्रॉनाला या उंचीवर फक्त क्षेत्ररेषेवरून घसरता येतं. रेषा तिरपी असेल तर घसरत तो खाली पोचतो. चुंबकीय विषुववृत्तावर रेषा आडवी असते, तिथे त्याला उतरायला वाटच नाही. म्हणून तिथे हे गणित चालत नाही.

थर खाली उतरतो त्याचं कारणही वाऱ्यातच आहे. सूर्याच्या उष्णतेने वातावरणात बारा आणि चोवीस तासांच्या भरती-ओहोटीसारख्या लाटा उठतात. त्यांच्यासोबत वाऱ्याचं तोंड फिरण्याची जागा खाली सरकते आणि थर तिच्यामागे जातो. पंचाण्णवच्या खाली टकरा इतक्या वाढतात की आयन मागे पडतात. पुढे दाट हवेतल्या रासायनिक क्रिया त्यांना गिळतात.

प्रश्न : उन्हाळ्यात ५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात एरवी न येणारी, दीड-दोन हजार किलोमीटरवरची स्टेशनं अर्धा-पाऊण तास खणखणीत ऐकू यायची आणि मग गायब. याच थराचं काम का? – एक जुने हॅम (हौशी रेडिओचालक)

उत्तर : याचंच. ‘स्पोरॅडिक ई’ या नावाने तुम्ही मंडळी ज्याची वाट पाहत बसता तो हाच थर. घनमीटरमधल्या इलेक्ट्रॉनांच्या संख्येचं वर्गमूळ काढा, नऊने गुणा, की सरळ वर सोडलेली किती हर्ट्झपर्यंतची लहर परत येईल ते मिळतं. घनता १ वर १२ शून्यं एवढी असेल तर ९ मेगाहर्ट्झ. तुमची लहर मात्र क्षितिजाजवळून तिरकी जाऊन थराला घासते, त्यामुळे ही मर्यादा सुमारे पाचपट होते. आलंच ते पन्नासच्या जवळ. एफएमच्या १०० मेगाहर्ट्झसाठी पाचपट दाट थर लागतो, म्हणून ते क्वचित. एका उडीत २,००० किलोमीटरच्या थोडं पुढे जाता येतं, कारण त्यापुढे पृथ्वीची गोलाई आड येते.

प्रश्न : तुमची रडारं ४३० किंवा १,२९० मेगाहर्ट्झवर चालतात. वरच्या हिशेबाने या लहरी आयनांबर भेदून निघून जायला हव्यात. मग परत काय येतं? – पुष्कळ वाचक

उत्तर : जवळजवळ सगळी लहर निघूनच जाते. परत येतो तो चुरा, आणि आम्ही आयुष्यभर तोच मोजतो.

मुक्त इलेक्ट्रॉन रेडिओलहरीतली अगदी नगण्य ऊर्जा इकडेतिकडे विखुरतो. रडारला दिसणारं त्याचं क्षेत्रफळ लिहायचं तर चौरस मीटरच्या दशांशचिन्हानंतर २७ शून्यं आणि मग १. ग्रीनलंडमधल्या सोंद्रेस्ट्रोमच्या रडारचं उदाहरण घ्या. बत्तीस मीटरची डिश, १,२९० मेगाहर्ट्झ. शंभर किलोमीटरवर तिचा किरण साधारण ९०० मीटर रुंद होतो. त्यातला ६०० मीटर उंचीचा तुकडा धरला आणि दिवसाची बऱ्यापैकी घनता घेतली तर तुकड्यातले सगळे इलेक्ट्रॉन मिळून जे क्षेत्रफळ होतं ते एका चौरस मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाइतकं. शंभर किलोमीटरवरचं एवढंसं लक्ष्य पाहायला मेगावॅटच्या घरातल्या पल्स (लहरीचे तुटक, छोटे झोत) आणि भरपूर सहनशक्ती लागते.

हे जमू शकेल असं विल्यम गॉर्डन यांनी १९५८ मध्ये मांडलं. इलेक्ट्रॉन सैरावैरा धावतात, म्हणून परत येणारी लहर डॉप्लर परिणामाने खूप रुंद पट्ट्यात पसरेल, क्षीण होईल, आणि ती पकडायला प्रचंड अँटेना लागेल असा त्यांचा हिशेब. त्याच वर्षी ऑक्टोबरात केनेथ बोल्स यांनी इलिनॉयमध्ये ४१ मेगाहर्ट्झच्या यंत्रावर तो प्रतिध्वनी पकडलासुद्धा, पण तो अपेक्षेपेक्षा कितीतरी अरुंद निघाला. कारण रडारच्या लहरीची लांबी काही दशांश मीटर ते काही मीटर, आणि त्या लांबीवर इलेक्ट्रॉन सुटे वागत नाहीत, ते आयनांच्या हालचालीला बांधलेले असतात. लहर विखुरतो इलेक्ट्रॉन, पण तिची रुंदी ठरवतो जड, सावकाश चालणारा आयन. म्हणजे एवढी मोठी डिश गरजेची नव्हती. तरी ती पोर्तो रिकोतल्या आरेसिबोला बांधली गेली, १९६३ मध्ये, ३०५ मीटर व्यासाची. मला विचाराल तर विज्ञानाला इतका फायद्याचा पडलेला जादा अंदाज क्वचितच असेल. पातळ थर जितक्या बारकाईने आरेसिबोने दाखवले तितके कुणी नाही. १ डिसेंबर २०२० रोजी तिच्यावर टांगलेला डोलारा खाली कोसळला आणि ते संपलं.

आता थर पातळ असल्याने येणारी अडचण. १०० मायक्रोसेकंदांची पल्स म्हणजे १५ किलोमीटर जाडीचा तुकडा एकदम पाहणं. त्यात सुईचं टोक पार पुसलं जातं. ४ मायक्रोसेकंदांची पल्स ६०० मीटरपर्यंत नेम धरते, पण तिच्यात ऊर्जा किती असणार? तोड अशी की पल्स लांबच ठेवायची, पण तिचे तेरा समान भाग करून काही भागांत लहर उलटी करायची. पाच सरळ, दोन उलट, दोन सरळ, मग एक उलट, एक सरळ, एक उलट, एक सरळ. बार्करची ही संकेतमाला १९५३ची. परत आलेल्या गोंगाटावरून ही नक्षी सरकवत नेली की ती नेमकी जुळते तिथे उत्तर १३ येतं, बाकी कुठेही १ च्या वर जात नाही. बाजाराच्या गलक्यात ओळखीची शीळ कानाला बरोबर सापडते तसं. मग अशा हजारो पल्सांची बेरीज करायची, तेव्हा कुठे ते टोक कागदावर येतं.

प्रश्न : थरात लोखंड आहे हे रडारला कळतं का, की दरवेळी रॉकेट सोडावं लागतं?

उत्तर : कळतं, आणि हे मला या कामातलं सगळ्यात आवडतं. प्रतिध्वनीच्या रुंदीवरून आयनांचं तापमान काढतात. पण रुंदी ठरते ती तापमान भागिले वस्तुमान या जोडीवर. म्हणून संगणकाला आधी सांगून ठेवलेलं असतं की या उंचीवर आयनाचं सरासरी वस्तुमान ३१ धर. ११० किलोमीटरवर हवा साधारण २५० केल्व्हिन असते. नोंद वाचत वर जावं तर तापमान २३०, २४० असं नीट चाललेलं असतं, आणि थर आला की मध्येच १४० केल्व्हिन! वर पुन्हा २५०. हवेत किलोमीटरभर जाडीचा असला बर्फाळ खड्डा संभवत नाही. त्या उंचीवर आयन आणि हवा यांचं तापमान एकच असतं. मग चुकलंय ते ३१. त्याजागी लोखंडाचं ५६ घातलं की तापमान शेजाऱ्यांशी जुळतं. म्हणजे उत्तरातला खड्डा हीच धातूची खूण, आणि तो किती खोल आहे त्यावरून थरात धातूचा वाटा किती हेही काढता येतं. प्रकाशित करायच्या तक्त्यातून असले ‘चुकीचे’ आकडे गाळून टाकणारी उत्साही मंडळी मी पाहिली आहेत. गाळू नका रे बाबांनो.

प्रश्न : लेखात ‘विद्युत् क्षेत्र मिलिव्होल्टमध्ये मोजलं’ असं होतं. जमिनीवर बसून, तार न लावता, शेकडो किलोमीटरवरचं क्षेत्र कसं मोजतात? आणि त्याचा पातळ थरांशी काय संबंध? – पदव्युत्तर वर्गातली विद्यार्थिनी

उत्तर : पहिला भाग सोपा आहे. २०० किलोमीटरच्या वर टकरा नगण्य. तिथे विद्युत् क्षेत्र लागलं की आयन त्याच्या दिशेने जात नाहीत. विद्युत् आणि चुंबकीय या दोन्ही क्षेत्रांना काटकोनात वाहू लागतात. वेग म्हणजे विद्युत् क्षेत्र भागिले चुंबकीय क्षेत्र. आयन हलका की जड, धन की ऋण, काही फरक पडत नाही. मीटरला ५० मिलिव्होल्ट भागिले ५०,००० नॅनोटेस्ला म्हणजे सेकंदाला १,००० मीटर. या वेगाने १,२९० मेगाहर्ट्झचा प्रतिध्वनी साडेआठ किलोहर्ट्झच्या आसपास सरकतो आणि ते आरामात मोजता येतं. वेग कळला की क्षेत्र कळलं.

पन्नास मिलिव्होल्ट ऐकून हसू नकोस. जमिनीजवळच्या स्वच्छ हवेत मीटरला शंभरेक व्होल्ट असतात हे खरं, पण ध्रुवीय आयनांबरात ते पन्नास मिलिव्होल्ट दोन हजार किलोमीटर पसरलेले असले की एकूण लाखभर व्होल्ट होतात, आणि मागे सौरवाऱ्याची ताकद असते.

रडारला मात्र फक्त आपल्याकडे येणारा किंवा आपल्यापासून दूर जाणारा वेग कळतो. पूर्ण दिशा हवी तर तीन बाजूंनी पाहावं लागतं. उत्तर युरोपातल्या ईस्कॅट या रडारसंस्थेने १९८१ पासून तेच केलं: ट्रॉम्सोहून लहर सोडायची आणि ट्रॉम्सो, किरुना, सोदानकिला अशा तीन ठिकाणी ऐकायची. सोंद्रेस्ट्रोमला डिश एकच, म्हणून ती फिरवत राहायची आणि मधल्या वेळात क्षेत्र बदललं नाही असं गृहीत धरायचं. क्षेत्र अर्थातच बदलतं.

दुसरा भाग खरा रसाळ. उत्तर ध्रुवाकडे क्षेत्ररेषा जवळजवळ उभ्या असतात, ग्रीनलंडमध्ये क्षितिजाशी ८० अंशांच्या आसपास. वर बाईंना सांगितलेली वाऱ्याची युक्ती क्षेत्राच्या आडव्या घटकावर चालते, आणि तो इथे एकूण क्षेत्राच्या सहाव्या हिश्श्याइतकाच उरतो. तरीही तिथे पातळ थर दिसतात, कारण इथे ढकलणारं विद्युत् क्षेत्र आहे. ‘ध्रुवाकडे वारा चालत नाही, वीज चालते’ असं सोपं करून सांगितलं जातं, पण ते अर्धवट आहे. रेषा उभ्या असल्याचा तोटा विजेलाही तेवढाच होतो. फरक आकाराचा आहे. वाऱ्याचा वेग शंभर मीटर, तर विद्युत् क्षेत्राने येणारा हजार. दोघांचाही सहावा हिस्साच उरला तरी दुसरा दसपट राहतो.

आता दिशा बघ. ९५ ते १३० किलोमीटरच्या पट्टीच्या खालच्या भागात टकरांचं राज्य, तिथे आयन जवळपास विद्युत् क्षेत्राच्याच दिशेने सरकतो. वरच्या भागात तो काटकोनात वाहतो. क्षेत्ररेषा किंचित तिरपी असल्यामुळे उत्तरेकडचं क्षेत्र खालच्या भागातल्या आयनांना जरा वर ढकलतं, आणि पश्चिमेकडचं क्षेत्र वरच्या भागातल्यांना खाली. क्षेत्र वायव्येकडे असेल तर दोन्ही गोष्टी एकदम होतात: खालचे वर, वरचे खाली, मध्ये थर. क्षेत्र उत्तरेकडे जास्त झुकलं तर थर उंचावर बसतो, पश्चिमेकडे झुकलं तर खाली. आणि नैर्ऋत्येकडे वळलं तर सगळेच खाली जातात, पण खाली जाताना वेग मंदावतो, म्हणून मागचे पुढच्यांवर येऊन आदळतात आणि थर दबून आणखी पातळ होतो. पूर्वेकडच्या क्षेत्रात यातलं काही होत नाही. क्षेत्राने आग्नेय किंवा ईशान्य दिशा पकडली तर थर विरतो किंवा वर फेकला जातो.

ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्यात संध्याकाळी क्षेत्र उत्तरेकडे असतं, पहाटे दक्षिणेकडे, आणि मध्यरात्रीच्या सुमारास ते पश्चिमेवरून फिरतं. म्हणजे वायव्य आणि नैर्ऋत्य दोन्ही लागोपाठ. त्या वेळची नोंद पाहायला मजा येते. कागदाच्या खालच्या पट्टीत क्षेत्राची दिशा दाखवणारे बाण, वरच्या पट्टीत थराची रेघ. बाण उत्तरेकडे असताना रेघ धूसर, ११५-१२० किलोमीटरच्या आसपास. बाण वळू लागले की ती गडद होत खाली येते, तासात नव्हे, मिनिटांत. बाण नैर्ऋत्येला टेकले की शंभरच्या जवळ केसाएवढी बारीक रेघ. मध्येच ध्रुवीय प्रकाश भडकला तर तिथे नवीन इलेक्ट्रॉनांचा जाड पडदा तयार होतो आणि त्यात रेघ बुडून जाते; तो ओसरला की ती पुन्हा दिसते, कारण धातू कुठे गेलेला नसतो.

कुचंबणा अशी की क्षेत्रासाठी डिश फिरवावी तर थर नजरेआड, थरावर रोखून धरावी तर क्षेत्र हातचं जातं. आम्ही दोन्ही आलटून पालटून करायचो आणि नेमक्या वळणाच्या वेळी डिश भलतीकडे असायची. नॉर्वेत स्किबोटनला मुख्य केंद्र असलेलं ईस्कॅटचं नवं रडार हजारो लहान अँटेनांचं आहे, ते एकाच वेळी अनेक दिशांना पाहू शकतं. सोंद्रेस्ट्रोमचं २०१८ मध्ये थांबलं. तू या विषयात उतरणार असशील तर नव्या रडारकडे लक्ष ठेव, आणि जुन्या नोंदी सोडू नकोस. त्यांत बरंच न वाचलेलं पडलं आहे.

प्रश्न : आपल्याकडे असं रडार नाही का?

उत्तर : आपल्याकडचं काम वेगळ्या अंगाने झालं. थुंबा चुंबकीय विषुववृत्ताजवळ आहे म्हणूनच तिथून २१ नोव्हेंबर १९६३ रोजी पहिलं रॉकेट गेलं. तिथे दिवसा १०५ किलोमीटरच्या आसपास पूर्वेकडे विजेचा प्रवाह वाहतो, आणि त्यात मीटर-दोन मीटरच्या लाटा उठतात. फार्ले आणि बुनेमन यांनी १९६३ मध्ये स्वतंत्रपणे त्यांचं कारण दिलं. तिरुपतीजवळच्या गदंकीचं ५३ मेगाहर्ट्झचं रडार अशाच, सुमारे २.८ मीटरच्या, खडबडीतपणावरून येणारे प्रतिध्वनी पाहतं. ते जोरदार असतात, पण जोर म्हणजे घनता नव्हे. दाट पण गुळगुळीत थर या रडारला दिसतही नाही. पेरूतलं हिकामार्काचं रडार मात्र ५० मेगाहर्ट्झवर दोन्ही कामं करतं: हे जोरदार प्रतिध्वनीही पाहतं आणि इलेक्ट्रॉनांचा तो क्षीण चुराही. दुपारी आयनांबर सेकंदाला वीस-तीस मीटरने वर उचललं जातं हे त्यानेच मोजलं. तिथलं चुंबकीय क्षेत्र निम्मं, २५,००० नॅनोटेस्ला. भागाकार तुम्हीच करा, मीटरला अर्ध्या-पाऊण मिलिव्होल्टचं क्षेत्र मिळेल.

प्रश्न : मंगळावर असे थर असतील का? – इयत्ता नववी

उत्तर : आहेत. मेव्हन या यानाला ते सापडले आणि २०२० मध्ये जाहीर झाले. मंगळाला पृथ्वीसारखं सलग चुंबकीय क्षेत्र नाही, पण त्याच्या खडकांत ठिकठिकाणी चुंबकत्व उरलेलं आहे. आणि बघ, पृथ्वीवर शंभर किलोमीटरला उपग्रह टिकत नाही, रॉकेट तिथून काही मिनिटांत निघून जातं. मेव्हन मात्र मंगळाच्या या थरांमधून स्वतः जाऊ शकलं.